सहा ते आठ

छावणीतल्या आमच्या चर्चच्या आवारात कडुनिंबाची तीन जुनी झाडं आहेत. उपासकाळ, म्हणजे ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस, अर्ध्यावर आला की ही झाडं मोहरतात. बारीक पांढरी फुलं पायऱ्यांवर, सायकलींच्या सीटवर, म्हाताऱ्या बायकांच्या पदरावर पडत राहतात. आत वेदीवर जांभळं कापड असतं, बाहेर हा वास, आणि सकाळच्या दहालाच उन्हाला धार आलेली. परवाच्या रविवारी मी पायरी चढले, फुलांचा चुरा चपलेखाली आला आणि पाय जागच्या जागी थांबले. मला सत्तरी उलटून गेली. तरी हा वास आला की मी सोळा वर्षांची होते, मांडीवर मॅट्रिकचं भूमितीचं पुस्तक असतं आणि आमच्या उंबऱ्याशी पाय पसरून राहेलमावशी बसलेली असते.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी मोठी माणसं अजून वर्षं मोजताना ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ किंवा ‘नंतर’ असंच म्हणायची. माझे बाबा, शांतवन, आधीच्या काळात एका म्हाताऱ्या लष्करी बँडवाल्याकडून क्लॅरनेट शिकले. नंतरच्या काळात ते गुलमंडीजवळच्या एका लग्नाच्या बँडमध्ये वाजवू लागले. लाल कोट, खांद्यावर पिवळ्या गोंड्यांची झालर, आणि ओठांत भिजत ठेवलेली वेताची पातळ पत्ती. ती पत्ती क्लॅरनेटला लावायच्या आधी भिजवावी लागते. लहानपणी मला वाटायचं, बाबा गप्प असतात ते तोंडात पत्ती असते म्हणून. पुढं कळलं की पत्ती नसतानाही ते गप्पच असायचे. बोलायचे ते फक्त प्यायल्यावर, आणि ते बोलणं ऐकू नये म्हणून आई मला शेजारी पाठवायची.

बँडवाल्याला दारू शोधत जावं लागत नाही. ती त्याच्या मागं येते. नवरदेव घोड्यावर चढला की मंडपाच्या मागं पेला पुढं होतो. “वाजवा उस्ताद, दम लावा.” लग्नसराईचे आणि उपासकाळाचे दिवस नेमके एकच. आमच्या घरात दोन महिने एका खोलीत उपास आणि दुसऱ्या खोलीत नशा असं चालायचं.

ते वर्ष मात्र निराळं निघालं. उपासकाळ सुरू व्हायच्या आधीचा रविवार होता. बाबा चर्चमध्येही वाजवायचे, पेटीच्या साथीला. आदल्या दिवशी जालन्याला लग्न होतं, तिथून ते पहाटे परतले आणि तसेच उपासनेला आले. प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीचं, गीत सुरू झालं. संथ चालीचं, रडवेलं गीत. बाबांचे डोळे मिटलेले. दुसऱ्या कडव्यावर क्लॅरनेट हलकेच वळलं, आणि बघता बघता त्यातून वरातीची चाल निघू लागली. पेटीवरच्या बाईंचे हात थांबले. पोरं खिदळली. बाबांना काही पत्ता नव्हता. दोन ओळी त्यांनी पूर्ण वाजवल्या. खरं सांगू, सुरेख वाजवल्या. मग ते होते तिथंच खाली बसले, भिंतीला टेकले आणि झोपी गेले.

मी आईकडं बघितलं नाही. आईनं माझ्याकडं बघितलं नाही. आम्ही दोघी समोरच्या बाकाच्या पाठीवर कुणी तरी चाकूनं कोरलेलं नाव वाचत बसलो.

त्याच आठवड्यात पंचांची बैठक झाली. मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचे, सेक्रेटरी होते विल्सन मास्तर. शाळेत ते मला गणित शिकवायचे. माणूस वाईट नव्हता, पण बेरीज चुकली की पान फाडायला लावणारा होता. ठरलं असं की शांतवननं यापुढं चर्चमध्ये वाजवायचं नाही, प्रभुभोजन घ्यायचं नाही, आणि हा ठराव उपासनेत वाचून दाखवायचा. वाचला. बाबांचं नाव, वडलांच्या नावासकट, आडनावासकट. मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचं तरी मृत्युपत्र वाचताहेत.

शुक्रवारी दुपारी बायकांची प्रार्थना सभा असायची. चर्चच्या मागच्या ओसरीत सतरंजी घालून पंधरा-वीस जणी बसायच्या. त्या शुक्रवारी आईबरोबर मीही गेले होते. एक बाई डोळे मिटून प्रार्थना करू लागली. “हे प्रभू, आमच्या त्या भावावर दया कर, जो तुझ्या घरात पिऊन आला, ज्यानं तुझ्या मेजासमोर वरातीचं गाणं वाजवलं, ज्याची पोरगी लग्नाला आली तरी ज्याला शुद्ध नाही, जो मागच्या दिवाळीत…”

“थांब गं,” मागून आवाज आला.

सगळ्यांनी डोळे उघडले. राहेलमावशी बोलत होती. ती कोपऱ्यात खांबाला टेकून बसायची, कारण तिला गुडघे मोडून बसता येत नसे. मुलींच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात तिनं तीस वर्षं भाकरी थापल्या होत्या. विधवा बाई, मूलबाळ नाही, गाव करमाडकडचं. अक्षर एक येत नव्हतं. दंड मात्र पैलवानासारखे, आणि दात तंबाखूच्या मिश्रीनं काळे कुळकुळीत.

“डोळे मिटून चुगली करू नगा,” ती म्हणाली. “कोण कवा पडलं ते देवाला ठावं हाय. त्याला बातमी द्यायला बसलोय का आपण? मागायचं काय ते मागा.”

“मग काय मागायचं, तूच सांग,” ती बाई फणकारली.

राहेलमावशीनं पदर सावरला. मग म्हणाली, “मला तरी काय ठावं? त्यालाच इचारावं लागंल.”

आणि ती खरंच विचारायला आली. दुसऱ्याच दिवशी, दुपारी चारच्या उन्हात, बोर्डिंगपासून आमच्या घरापर्यंत गुडघे धरत धरत. बाबा बाजेवर बसून क्लॅरनेट पुसत होते. ती उंबऱ्यावरच बसली. पाण्याचा तांब्या रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाली, “शांतवन, मी तुझ्यासाठी मागू राहिले. काय मागू?”

बाबांनी मानही वर केली नाही. “एक बाटली मागा, मावशी.”

“ती तर तू सोताच आणतोस. देवाला कशाला तरास? जे तुला मिळंना, ते सांग.”

बाबा पुन्हा क्लॅरनेट पुसू लागले. ती अर्धा तास बसली आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा तेच विचारलं. आईला ते सहन होईना. ती चुलीपुढून उठून आली.

“मावशी, मी अठरा वर्षं मागते हाय. माझं ऐकलं नाय देवानं, तुमचं काय ऐकंल?”

“तुझं ऐकलं म्हणून तर मला धाडलं,” राहेलमावशी म्हणाली. “हे गुडघे बघ माझे. मी का माझ्या मर्जीनं येते व्हय एवढ्या लांब?”

आई पदर तोंडाला लावून आत गेली. ती रडत होती की हसत होती, मला आजही ठाऊक नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा बोलले. हातातल्या फडक्याची घडी घालत, खाली मान घालून. “मावशी, सकाळी काय वाटत नाय. दुपारीबी नाय. दिवस कलला की मग पाय माझे राहात नाईत. सांजंचे सहा ते आठ. तेवढे दोन तास दिवसातनं काढून टाक म्हणावं देवाला. बाकीचा दिवस मी बघतो.”

आमच्या घरात अठरा वर्षं एवढी ओरड झाली होती, उपदेश झाले होते, पाळक येऊन गेले होते. पण दारू पिणाऱ्या माणसाला तिचा वेळ ठाऊक असतो, आणि तो कुणी तरी विचारावा म्हणून तो वाट बघत असतो, हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

“दोन तास काढून टाकनं त्याला बी जमायचं नाय,” मावशी म्हणाली. “दिवस त्यानंच केलाय. पर त्या दोन तासात मी येऊन बसंन.”

मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं कमरेची पिशवी सोडली, त्यातून मिश्रीची चपटी डबी काढली आणि माझ्या हातात दिली. “हे घे, सुमन. उकिरड्यात टाकून ये. त्यानं एकट्यानं का उपास धरावा? मीबी धरते. चाळीस दिवस.”

मी डबी टाकून आले. मला ती गंमत वाटली होती. कुठं दारू आणि कुठं मिश्री!

त्यानंतरची एकही संध्याकाळ मी आयुष्यभर विसरले नाही. मी खिडकीशी भूमितीची प्रमेयं पाठ करत असे. बाहेर नळाला पाणी आलेलं, बायकांची भांडणं, कुठं तरी तव्यावर पडलेल्या मिरचीचा ठसका. सहाला पाच कमी असताना राहेलमावशी उंबऱ्याशी हजर. बाबा बाजेवर. पहिला आठवडा फार वाईट गेला. बाबांचे हात थरथरायचे, घामानं सदरा भिजायचा, ते उठून दारापर्यंत जायचे. दारात मावशीचे पसरलेले पाय असायचे. ते ओलांडून कसं जाणार? मोठ्या माणसाला पाय लागेल. ते परत येऊन बसायचे. मावशी त्यांना अडवायची नाही. काही बोलायचीही नाही. सूप घेऊन आईची ज्वारी निवडायची, खडे बाजूला टाकायची आणि ओठ हलवायची. एकदा मी कान देऊन ऐकलं. ती फक्त म्हणत होती, “शांतवनला धर. शांतवनला धर. शांतवनला धर.” सुपाच्या तालावर.

मी विचारलं, “मावशी, डोळे उघडे ठेवून प्रार्थना होते का?”

“डोळे मिटले तर ह्यो पळून जाईल ना!” ती म्हणाली. बाबाही हसले. त्या घरात शुद्धीवर असलेल्या बाबांचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं असेल.

ती स्वतःही सुखात नव्हती. मिश्री सोडल्यावर तिचं डोकं दुखायचं, हिरड्या सुजल्या होत्या, बोर्डिंगमधल्या मुलींवर ती खेकसू लागली होती. कपाळाला फडकं बांधून यायची. एकदा बाबाच तिला म्हणाले, “मावशी, तुमी लावा थोडी. तुमचं काय पाप हाय त्यात?” मावशीनं मान हलवली. “पाप हाय का नाय ते मला ठावं नाय. पर माझ्याच्यानं सुटंना, हे तर खरं हाय ना? मग आपण दोघं एकाच गाडीत.”

लग्नाच्या दिवशी काय करायचं हा प्रश्न होता. बँडचं काम सोडलं तर घर कशावर चालणार? मावशीनं त्यावरही तोडगा काढला. ती बँडबरोबर जाऊ लागली. टांग्यात ढोलाशेजारी बसून गुलमंडीपर्यंत, आणि मग वरातीबरोबर पायी. मी एकदा हट्टानं गेले होते. तो देखावा अजून दिसतो. डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं, घोड्यावर अवघडून बसलेला नवरदेव, कापडाच्या दुकानांतून वाकून बघणारे लोक, आणि लाल कोटांच्या रांगेत क्लॅरनेटवाल्याच्या डाव्या हाताला पांढऱ्या लुगड्यातली एक जाडजूड म्हातारी, कपाळाला फडकं, ओठ हलताहेत. बँडचे मास्तर म्हणाले, “अरे शांतवन, ये अम्मा कौन है? लडकीवालों में से है क्या?”

“मेरी मावशी है, उस्ताद,” बाबा म्हणाले. “साथ में रहेंगी.”

मंडपाच्या मागं नेहमीसारखा पेला आला. नवरदेवाचा मामा घेऊन आला होता, वर रुमाल टाकून. मावशी पुढं झाली. “दादा, त्याचं तोंड वाजवण्यात गुतलंय. मला मात्र लई तहान लागली. तुमच्याकडं पानी असंल तर बघा.” मामा ओशाळला. खरंच पाणी घेऊन आला, आणि तिच्यासाठी लाडूही. त्या दिवशी बाबांनी काय वाजवलं म्हणून सांगू! लोकांनी वरात दोनदा थांबवली.

तीन आठवडे असे गेले. मला वाटू लागलं, झालं, सुटले बाबा. मॅट्रिकचा पहिला पेपर आठवड्यावर आला होता. कडुनिंब ऐन मोहरात होता. आणि एका बुधवारी सहा वाजले, सव्वासहा वाजले, मावशी आली नाही.

आईनं दोनदा रस्त्यावर जाऊन पाहिलं. बाबा बाजेवर ताठ बसून होते, दाराकडं बघत. दार मोकळं होतं. साडेसहाला ते उठले, चपला घातल्या आणि काही न बोलता गेले. मी मागं धावले नाही. मी बोर्डिंगकडं धावले. मला मावशीचा राग आला होता, फार राग.

स्वयंपाकघराच्या मागं, राखेच्या ढिगाशी, ती बसली होती. मला बघून तिनं तोंड फिरवलं. पण मी पाहिलं. तिचे दात पुन्हा काळे झाले होते. बोटाला मिश्री होती.

मी काय बोलले ते इथं लिहिणार नाही. सोळा वर्षांच्या मुलीला जेवढं कडू बोलता येतं तेवढं बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली, “सकाळी लावली. दुपारी लावली. मग असलं तोंड घेऊन त्याच्यापुढं कसं जाऊ म्हणून आता पुन्यांदा लावली.”

बाबा त्या दिवशी कसे घरी आले ते सांगण्यात अर्थ नाही. त्याआधी जसे येत असत तसेच.

सकाळी मी दार उघडलं तर ती उंबऱ्यावर बसलेली. कधीपासून कोण जाणे. बाबा आतून आले. तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवरच बसले.

“मी पडले, शांतवन,” ती म्हणाली.

“मीबी,” बाबा म्हणाले.

आईनं चहा आणून ठेवला. मावशीनं आपल्या बशीतला अर्धा चहा बाबांच्या बशीत ओतला. मला रात्रभर जो राग होता तो तिथं उभ्या उभ्या कुठं गेला ते मला कळलं नाही. मी जाऊन तिच्या पाठीशी बसले. तिनं मागं न बघता माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

त्या रविवारी साक्ष द्यायच्या वेळी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं हे लोक उभं राहून सांगतात तेव्हा, राहेलमावशी खांबाला धरून उठली. चर्चमध्ये ती कधी बोललेली नव्हती.

“मी राहेल,” ती म्हणाली. “समद्यांना ठावं हाय. मी एका माणसासाठी मागत व्हते. मागता मागता मला वाटाया लागलं, मी वरती हाय आन् तो खाली. म्या त्याच्यासंगं मिश्री सोडली व्हती. बुधवारी म्या ती लावली. एक डाव नाय, तीन डाव लावली. आन् शरमेनं जिथं जायचं तिथं गेले नाय.” मागं कुणी तरी मिश्री ऐकून हसलं. ती थांबली. हसणं संपू दिलं. “हसा. मलाबी हसू येतं. एवढीशी डबी, पर मला हरवलं तिनं. आता माझ्यासाठी मागा. ‘आमची एक बहीण’ असं म्हणू नगा. राहेल म्हणा. नाव घेऊन मागा.”

ती खाली बसायच्या आत शेवटच्या बाकावरून बाबा उठले. ठरावानंतर ते तिथंच बसायचे. “शांतवन,” ते म्हणाले. “मीबी बुधवारीच.” एवढं बोलून ते खाली बसले.

पाळकसाहेब नगरकडचे, वयानं तरुण, नुकतेच आलेले. त्यांच्या हातात प्रवचनाचे कागद होते. ते त्यांनी तिथंच ठेवले, खाली उतरले आणि दोन बाकांच्या मधल्या जागेत गुडघ्यांवर बसले. म्हणाले, “राहेल. शांतवन. अजून कुणाचं नाव घ्यायचंय?”

बाहेर कुणी तरी सायकल स्टँडवर लावली. मग उजवीकडून एका बाईनं स्वतःचं नाव उच्चारलं. त्या दिवशी डोळे मिटून चुगली करणारी तीच बाई. कशासाठी ते सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. मग एका म्हाताऱ्यानं आपलं नाव सांगितलं. मग एक तरुण नर्स. कुणी पाप सांगितलं नाही. नुसती नावं. प्रत्येक नावानंतर मंडळी म्हणायची, “याला धर, प्रभू,” “हिला धर.” आमच्या घरातली ती सुपावरची प्रार्थना तिथं कशी पोहोचली ते देवच जाणे. मी त्यानंतर पुष्कळ उपासना पाहिल्या, मोठमोठी प्रवचनं ऐकली, परदेशी गेलेल्या मुलाकडं जाऊन संगमरवरी चर्चंही पाहिली. त्या सकाळसारखी मंडळी पुन्हा पाहिली नाही. विल्सन मास्तर मात्र मान खाली घालून बसले होते. चष्मा काढून हातात धरला होता त्यांनी.

ईस्टरच्या चार दिवस आधी मास्तर आमच्या दारी आले. मला वाटलं माझ्या भूमितीच्या पेपराबद्दल विचारायला आले. उभ्या उभ्याच बाबांना म्हणाले, “शांतवन, पंचांचं बोलणं झालंय. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला तुम्ही वाजवा.”

बाबा बाजेवरून उठले. “नाय मास्तर. अजून ओठ थरथरत्यात. पुढच्या वर्षी सांगा.”

मास्तर म्हणाले, “बरं.” जाता जाता उंबऱ्याशी बसलेल्या राहेलमावशीला त्यांनी हात जोडले. मोठा शिकलेला माणूस तो.

ईस्टरच्या पहाटे बाबा आईच्या शेजारी साध्या सदऱ्यात बसून गायले. त्यांचा गाण्याचा आवाज फारसा बरा नव्हता. तोवर आम्हाला कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

गोष्ट इथंच संपली असती तर बरं झालं असतं, पण तसं होत नाही. त्या पावसाळ्यात बाबा दोनदा पडले. आणखी एकदा दिवाळीनंतर. दर वेळी राहेलमावशी यायची, पुन्हा सहाला पाच कमी असताना. तिची मिश्रीही सुटायची आणि चिकटायची. कधी बाबाच सहा वाजता तिच्याकडं जाऊन बसायचे, कारण त्या दिवशी तिचं डोकं चढलेलं असायचं. दुसऱ्या वर्षी बाबांनी बँड सोडला आणि पेट्या दुरुस्त करायचं काम शिकून घेतलं. तिसऱ्या वर्षापासून पुढं ते प्यायले नाहीत. मी मॅट्रिक झाले, शिक्षिका झाले. मावशी पुढं इतरांच्या उंबऱ्यांवरही जाऊन बसू लागली. राहेलमावशी बोर्डिंगमागच्या आपल्या खोलीतच वारली. त्या आठवड्यात तिच्या उशाशी आळीपाळीनं बसणाऱ्यांत निम्मे पुरुष होते, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येकजण कधी काळी तिच्या पसरलेल्या पायांपाशी अडलेला होता.

तिच्यानंतर बाबा जाऊ लागले. सायकलवर, हातात पिशवी, पिशवीत एखाद्या पेटीचा भाता. छावणीत, पडेगावात, कधी पार जालना रोडला. जाऊन बसायचे, भाता शिवायचे आणि आठ वाजले की उठायचे. पुष्कळ जण सुटले नाहीत. काही मेले. बाबा त्यांच्या दफनाला जायचे आणि सगळ्यांत शेवटी घरी यायचे.

आता आमची मंडळी मोठी झाली आहे. प्रार्थनेसाठी मोबाईलवर गट आहे. त्यावर रोज येतं, ‘एका तरुण भावासाठी प्रार्थना करा, व्यसनात आहे.’ खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मीही ते चित्र टाकते, खोटं कशाला बोलू? परवा उपासना संपल्यावर एक मुलगी माझ्याजवळ आली. बँकेत काम करते, मला आजी म्हणते. हळू आवाजात म्हणाली, “आजी, तो भाऊ माझाच आहे. नशेच्या गोळ्या घेतो. घरात कुणी बोलत नाही त्याच्याशी.”

मी विचारलं, “नाव काय त्याचं?”

ती दचकली. इतक्या दिवसांत कुणी विचारलं नसावं. “अभिषेक,” ती म्हणाली.

“त्याला सगळ्यांत अवघड वेळ कुठली जाते?”

तिला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, “मग त्यालाच विचारू.” काल मी रिक्षा करून त्यांच्या घरी गेले, क्रांती चौकाच्या मागं, तिसरा मजला, लिफ्ट बंद. तो खोलीबाहेर आला नाही. मी तासभर बसले आणि आले. उद्या पुन्हा जाईन. माझेही गुडघे आता दुखतात, आणि अभिषेकचं काय होईल ते मला माहीत नाही.

जिना उतरताना मला बाबांचं शेवटचं वर्ष आठवलं. तेव्हा ते ऐंशीच्या पुढं गेले होते आणि अंगणात खुर्ची टाकून बसायचे. एकदा मी त्यांना विचारलं होतं, “बाबा, एवढे जण तुमच्यासाठी मागत होते. आई अठरा वर्षं मागत होती. मग राहेलमावशीच्या मागण्यानंच काय झालं असं?”

बाबा खुर्चीत सावरून बसले. नंतर म्हणाले, “माझं नाव लई जणांनी घेतलं, सुमन. तुझ्या आईनं रडून घेतलं, मास्तरांनी ठरावात वाचलं, बँडवाल्यांनी हाका मारल्या. समद्यांच्या तोंडी त्यो शांतवन म्हणजे मीच व्हतो, पडलेला. पर ती म्हातारी सूप हलवत ‘शांतवनला धर, शांतवनला धर’ म्हणायची ना, तवा मला वाटायचं, ही कुणा दुसऱ्याच शांतवनविषयी बोलू राहिली. लई चांगला माणूस असावा त्यो. एकदा भेटायला पायजे त्याला.”

“मग? भेटला का?”

“व्हय,” बाबा म्हणाले. “उशिरा भेटला. पर तुझ्या आईला दाखवता आला.”